ट्रान्सफॉर्मर नसलेला जुना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायर: बंद असतानाच झिणझिण्या का येतात?

सहावी तार

नमस्कार. माझा आतेभाऊ न्यू जर्सीत राहतो. तिथल्या एका गॅरेज सेलमध्ये त्याला १९६० च्या आसपासचा, अमेरिकन बनावटीचा एक लहान गिटार अॅम्प्लिफायर मिळाला आणि मागच्या खेपेला त्याने तो ठाण्याला माझ्यासाठी आणला. आत तीनच व्हॉल्व्ह (जुन्या काळच्या निर्वात काचनळ्या) आहेत: १२एयू६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४. स्पीकरला जोडलेला छोटा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडला, तर दुसरा कोणताही ट्रान्सफॉर्मर आत दिसत नाही. मी तो बाजारात मिळणाऱ्या ११० व्होल्टच्या स्टेपडाऊन खोक्यावर चालवतो. खोक्याची पिन आणि अॅम्प्लिफायरची पिन, दोन्ही टू-पिन आहेत आणि कोणत्याही बाजूने बसतात.

आवाज फार गोड आहे. मात्र पहिल्याच दिवशी गिटार हातात असताना मायक्रोफोनच्या जाळीला ओठ लागले आणि सणसणीत झटका बसला. अॅम्प्लिफायरची पिन उलटी करून लावल्यावर तो प्रकार थांबला. मला वाटले, प्रश्न मिटला. काल मात्र वाजवून झाल्यावर खटका बंद केला, गिटारची वायर काढताना मनगट ध्वनी-मिक्सरच्या पत्र्याला टेकले, आणि बंद असलेल्या अॅम्प्लिफायरमधून बोटांना स्पष्ट झिणझिण्या आल्या. चालू असताना काही नाही आणि बंद केल्यावर शॉक, हे कसे शक्य आहे?

जुना मेकॅनिक

उत्तर देण्याआधी एक विनंती. ती पिन आत्ता भिंतीतून काढून ठेवा आणि या धाग्याचा निकाल लागेपर्यंत लावू नका. या वर्गातील अॅम्प्लिफायरांना अमेरिकेतील गिटारवादक 'विडोमेकर', म्हणजे विधवा करणारे यंत्र, म्हणतात. नाव भडक आहे; परंतु ते उगाच पडलेले नाही.

आता रचना समजून घेऊ. व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारा, म्हणजे हीटर, एकापुढे एक जोडून ती सर थेट मेन्सवर लावायची, ही युक्ती १९३० च्या दशकात रेडिओसाठी रूढ झाली. त्या काळी अनेक शहरांत डीसी पुरवठा होता आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, हे एक कारण. लोखंड आणि तांबे वाचले की संच हलका आणि स्वस्त होतो, हे दुसरे आणि टिकाऊ कारण. पुढे सीअर्सच्या सिल्व्हरटोनसारख्या, तसेच 'के' आणि 'हार्मनी' या ब्रँडच्या सर्वांत स्वस्त गिटार अॅम्प्लिफायरांत हीच मांडणी आली. तुमच्या संचात ५०सी५ चा हीटर ५० व्होल्ट, ३५डब्ल्यू४ चा ३५ आणि १२एयू६ चा १२.६ व्होल्ट घेतो. बेरीज ९७.६ होते आणि तिघांतून तोच १५० मिलीअँपिअर प्रवाह वाहतो. १२० व्होल्टपैकी उरलेले सुमारे २२ व्होल्ट खाण्यासाठी आत दीडशे ओहमच्या आसपासचा एक जाड रेझिस्टर असेल. तो हाताला चांगलाच गरम लागत असणार. ३५डब्ल्यू४ मेन्सचेच अर्धतरंगी एकदिशीकरण करून बी-प्लस, म्हणजे व्हॉल्व्हना लागणारा डीसी दाब, तयार करतो. म्हणजे मेन्सच्या दोन तारांपैकी एक तार हीच या यंत्राची 'ग्राउंड', अर्थात बी-मायनस. गिटारच्या वायरीचे बाहेरचे आवरण त्या ग्राउंडला जोडलेले आणि गिटारच्या तारा त्या आवरणाला. वीजमंडळाची तार आणि तुमची बोटे यांच्यामध्ये कोणताही चुंबकीय गाभा नाही. व्हॉल्व्ह तर मध्ये येतच नाहीत.

आता तुमचे कोडे. अशा अनेक संचांत खटका बी-मायनसच्या तारेत बसवलेला असतो. ही तार न्यूट्रलला गेली असेल, तर चालू स्थितीत ग्राउंड न्यूट्रलच्या पातळीवर राहते आणि काही जाणवत नाही. खटका बंद केला की न्यूट्रलशी असलेला संबंध तुटतो. परंतु फेजची तार दुसऱ्या टोकाने हीटरच्या सरीला जोडलेलीच असते. ती सर पुढे ग्राउंडपर्यंत येते. परिणामी बंद संचाची ग्राउंड हीटरमार्फत फेजला टांगलेली राहते. थंड हीटरचा रोध गरम हीटरपेक्षाही बराच कमी असल्याने तो आपले संरक्षण करत नाही. पिन उलटी केली, तर बंद स्थिती सुरक्षित होते आणि चालू स्थिती जिवंत. दोन्ही स्थितींत सुरक्षित ठरेल अशी पिनेची बाजूच या रचनेत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे, तो खोक्याचा. त्याविषयी सविस्तर लिहीन. आधी खोक्याचे वजन आणि त्यावर लिहिलेले व्हीए (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे क्षमता) सांगा.

सहावी तार

काका, पिन काढून ठेवली आहे. खोक्यावर १०० व्हीए लिहिले आहे. ते एका हातात सहज मावते. अॅम्प्लिफायर उघडून पाहिला. आपण म्हणता तसा खटका बी-मायनसच्या तारेतच आहे. परंतु बी-मायनस थेट चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली नाही. मध्ये मेणाच्या कागदी वेष्टनाचा ०.०५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे आणि त्याला समांतर २२० किलोओहमचा रेझिस्टर. म्हणजे माझा संच त्यातल्या त्यात सुरक्षित प्रकारातला आहे, असे समजावे का?

जुना मेकॅनिक

कपॅसिटर नवा होता तेव्हा 'त्यातल्या त्यात' हे शब्द लागू पडले असते. हिशेब करा. ५० हर्ट्झला ०.०५ मायक्रोफॅरडचा रोध सुमारे ६४ किलोओहम येतो. ११५ व्होल्टला त्यातून १.८ मिलीअँपिअर वाहतो. साधारण एक मिलीअँपिअरपासून माणसाला झिणझिण्या कळतात, म्हणजे नव्या कोऱ्या संचातही झिणझिण्या अपेक्षितच होत्या. दहाच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नास ते शंभरचा प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटू शकतात.

कागदी कपॅसिटर साठ वर्षांत ओलावा पितो आणि हळूहळू रेझिस्टरसारखा वागू लागतो. त्याचे एक टोक सोल्डर काढून मोकळे करा आणि मल्टिमीटरवर रोध मोजा. चांगला असेल तर आकडा सरकत सरकत मोजणीच्या बाहेर जायला हवा. त्याआधी फिल्टरचे मोठे कपॅसिटर दोन किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरमधून रिकामे करा आणि मीटरवर शून्य आल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामे करण्याची पद्धत माझ्या उस्तादाची होती. ती मी कोणाला शिकवत नाही.

सहावी तार

मोजला. १८ किलोओहमवर काटा थांबतो. डिजिटल मीटर आहे, तरी आपण काटाच म्हणतो.

जुना मेकॅनिक

मग ओठांना बसलेला झटका साडेसहा मिलीअँपिअरच्या घरातला होता. मीटर हा रोध दोन-तीन व्होल्टवर मोजतो. प्रत्यक्ष मेन्सच्या दाबाखाली असा कपॅसिटर याहून अधिक गळतो, म्हणून हा आकडा कमीत कमी समजा. तो कपॅसिटर एखाद्या दिवशी पूर्ण शॉर्ट झाला असता तर? घामेजल्या बोटांपासून ओल्या ओठांपर्यंत शरीराचा रोध दीड हजार ओहम धरला, तरी ११५ व्होल्टला ७७ मिलीअँपिअर होतात.

आता खोके. बाजारातील बहुतेक स्टेपडाऊन खोकी ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत एकच वाइंडिंग असते आणि मधून एक टॅप काढलेला असतो. व्होल्टेज उतरते, परंतु आतली एक तार भिंतीतून आत येते ती तशीच बाहेर जाते. खोके भिंतीतून काढा आणि त्याच्या इनपुट पिना व आउटपुटची छिद्रे यांच्यात रोध मोजा. काही ओहम दिसले, तर ते आयसोलेशन, म्हणजे मेन्सपासून पूर्ण अलगपणा, नव्हे. मग दुकानदार काहीही सांगो.

त्याचा परिणाम ऐका. खोक्याची पिन योग्य बाजूने असेल, तर सामाईक तार न्यूट्रलवर असते आणि तुमची ग्राउंड शून्यावर किंवा ११५ वर बसते. खोक्याची पिन उलटी लागली, तर सामाईक तार फेजवर जाते. अशा वेळी अॅम्प्लिफायरची ग्राउंड त्या तारेला लागली, तर चालू संचाची ग्राउंड जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर जाते, आणि टॅपला लागली, तर बंद केल्यावर ती हीटरमार्फत २३० ला टांगली जाते. दोन पिना, दोन बाजू, एकूण चार शक्यता. त्यांपैकी एकाच जोडणीत चालू संचाची ग्राउंड न्यूट्रलवर राहते, आणि नेमक्या त्याच जोडणीत बंद केल्यावर तुम्हाला झिणझिण्या आल्या. अमेरिकेत हा संच जेवढा धोकादायक होता, त्याहून तो आपल्याकडे या खोक्यावर अधिक धोकादायक आहे; आणि घेणाऱ्याला मात्र वाटते की आपण दाब निम्मा केला.

सोल्डरमित्र

एवढे कशाला? जुनी वायर काढून तीन पिनांची वायर बसवावी आणि चासीला अर्थिंग द्यावे. मी माझे सगळे जुने अॅम्प्लिफायर तसेच केले आहेत.

जुना मेकॅनिक

आपल्या इतर अॅम्प्लिफायरांत पॉवर ट्रान्सफॉर्मर असणार. तिथे हा उपाय बरोबर आहे. त्या संचांत फेजपासून चासीपर्यंत जो एक कपॅसिटर असतो तोही कापून टाकावा. इथे मात्र ग्राउंड हीच मेन्सची तार आहे. ती थेट चासीला जोडलेल्या संचात चासीला अर्थ दिले आणि ग्राउंड फेजवर आली, तर फेज सरळ अर्थला शॉर्ट होते. ती न्यूट्रलवर आली, तर न्यूट्रल आणि अर्थ घरातच एकत्र होतात आणि आरसीसीबी (गळती होताच पुरवठा तोडणारा खटका) पडतो. मग कोणी तरी वैतागून अर्थची तार कापतो, आणि संच पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत वापरात येतो. ग्राउंड आणि चासी यांच्यामध्ये कपॅसिटर असेल, तर ताबडतोब काही उडत नाही, एवढाच फरक.

श्रोता कोल्हापूर

आरसीसीबीचा विषय निघाला म्हणून विचारतो. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असताना एवढी भीती बाळगण्याचे कारण काय? दुसरे असे, की आमच्याकडे आजोबांचा एसी-डीसी रेडिओ आहे. त्यात यूएल४१, यूवाय४१, यूसीएच४२ अशा क्रमांकांचे व्हॉल्व्ह आहेत. तो आम्ही लहानपणापासून ऐकत आलो, कोणाला काही झाले नाही. नुकताच मी त्याला मोबाइल लावण्यासाठी मागे एक जॅक बसवून घेतला आहे.

जुना मेकॅनिक

आरसीसीबी जरूर असावा. तो साडेसहा मिलीअँपिअरला पडणार नाही, आणि झटक्याने दचकून माणूस स्टूलवरून मागे पडला तर त्याचा उपयोग नाही. ३० च्या पुढे गेल्यावरही तो प्रवाहाचा आकडा कमी करत नाही, फक्त वेळ कमी करतो. त्याचे टेस्टचे बटण कधी दाबून पाहिले होते, हेही आठवून पाहा.

रेडिओचे सांगतो, कारण आपल्या जॅकने मला अॅम्प्लिफायरइतकेच अस्वस्थ केले आहे. यू मालिकेतील हे युरोपीय व्हॉल्व्ह १०० मिलीअँपिअरवर चालतात. यूएल४१ चा हीटर ४५ व्होल्टचा, यूवाय४१ चा ३१, यूसीएच४२ चा १४. उरलेले व्हॉल्व्ह धरून सगळी सर ११५ च्या जवळपास जाते आणि २३० व्होल्टपैकी बाकीचा निम्मा दाब एका मोठ्या ड्रॉपर रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातो. त्यामुळे चासी इथे ११५ वर नव्हे, पूर्ण २३० वर येऊ शकते. आपल्या देशात असे संच बरेच आले, कारण कोलकात्याच्या काही भागांसारख्या ठिकाणी डीसी पुरवठा फार उशिरापर्यंत टिकून होता.

हे जाणूनच कारखान्याने तो रेडिओ लाकडी किंवा बेकलाइटच्या पेटीत पूर्ण कोंडलेला असे. बटणांचे स्क्रू खोल भोकात बसवून त्यावर मेण भरत. चासीचे खालचे स्क्रूही झाकलेले असत. काही अमेरिकन संचांत मागचे पुठ्ठ्याचे झाकण काढले की मेन्सची वायर आपोआप सुटत असे. कोणाला काही झाले नाही याचे श्रेय त्या पेटीला आहे. आपण जॅक बसवला तेव्हा त्या पेटीला भोक पाडून जिवंत चासी बाहेर आणली. मोबाइल हातात, कानात इअरफोन किंवा पाठीमागे चार्जर असेल, तर विजेचा मार्ग तयार आहे. जॅक काढून टाका. फारच हौस असेल तर ब्लूटूथचा तुकडा पेटीच्या आत, योग्य इन्सुलेशनसह आणि स्वतःच्या आयसोलेटेड पुरवठ्यावर बसवता येतो. मात्र ते काम जाणकाराकडून करून घ्या. एखादे बटण गळून नुसता दांडा उघडा पडला असेल, तर तो दांडाही चासीच आहे, हे घरातील मुलांना सांगून ठेवा.

जाता जाता एक आठवण. १९३० च्या दशकातील काही संचांत ड्रॉपर रेझिस्टर पेटीत नसून मेन्सच्या वायरीतच विणलेला असे. ती वायर चालू असताना गरम व्हायची. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा एका संचाची वायर लांब वाटते म्हणून मालकाने निम्मी कापली होती. हीटरची सर जळायला वेळ लागला नाही.

श्रोता कोल्हापूर

जॅक काढला. आभारी आहे.

सहावी तार

मग माझ्यासाठी उपाय म्हणजे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, एवढाच ना? किती व्हीएचा घ्यावा? हिशेब केला तर हीटर १८ वॅट आणि बी-प्लसचे आठ-दहा, म्हणजे ३० व्हीए पुरेल असे दिसते.

जुना मेकॅनिक

कागदावर पुरतो. परंतु ३५डब्ल्यू४ अर्ध्याच तरंगात प्रवाह ओढतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर डीसी चढतो आणि लहान ट्रान्सफॉर्मर गरम होऊन गुणगुणू लागतो. ७५ ते १०० व्हीएचा घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात वाइंडिंग करून देणारे मिळतात. '२३० ते ११५, प्रायमरी आणि सेकंडरी पूर्ण वेगळ्या' असे शब्दांत लिहून द्या. नुसते 'आयसोलेशन' म्हटले की काही जण तेच खोके नव्या रंगात देतात. घेताना दोन्ही वाइंडिंगमध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासून घ्या.

जोडणी अशी करा. नवी तीन पिनांची वायर. तिचे अर्थ ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला आणि चासीला, स्वतंत्र नटाखाली. फेजमध्ये ५०० मिलीअँपिअरचा स्लो फ्यूज आणि त्यानंतर दोन्ही तारा तोडणारा खटका, हे दोन्ही प्रायमरीच्या बाजूला. सेकंडरीतही एक फ्यूज असावा, कारण तिथला बिघाड भिंतीतील आरसीसीबीला दिसत नाही. बी-मायनसच्या तारेतला जुना खटका काढून ती तार सरळ करा. कागदी कपॅसिटर आणि २२० किलोओहम काढून टाका आणि बी-मायनस चासीला जोडा. आता ते चालते, कारण बी-मायनसचा मेन्सशी संबंध उरलेला नाही.

ट्रान्सफॉर्मर पेटीतच बसवता आला तर उत्तम. आउटपुट ट्रान्सफॉर्मरपासून दूर आणि त्याच्याशी काटकोनात ठेवा, नाही तर गुणगुण ऐकू येईल. पेटीबाहेर वेगळ्या खोक्यात ठेवण्याचा विचार असेल, तर अॅम्प्लिफायरची जुनी टू-पिन कापून तिथे कायमची जोडलेली वायर हवी. तुम्हाला सगळे माहीत असते. दिवाळीत घर आवरणाऱ्या माणसाला माहीत नसते. एवढे झाल्यावरही, पहिल्यांदा वीज देण्याआधी जोडणी एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या नजरेखालून घाला.

सोल्डरमित्र

माझे आधीचे म्हणणे मागे घेतो. एक शंका आहे. मी टेस्टर लावून पाहतो. निऑन पेटला नाही तर चासी सुरक्षित समजतो. हे चालेल का?

जुना मेकॅनिक

टेस्टर अगदी थोड्या गळतीवरही पेटतो आणि लाकडी पाटावर उभे राहिलात तर खरी फेज असूनही मिणमिणतो. डिजिटल मीटरही रिकाम्या तारेवर साठ-सत्तर व्होल्ट दाखवून घाबरवतो. जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमधली पद्धत सर्वांत खात्रीची: १५०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ही जोडी चासी आणि चांगले अर्थ यांच्यामध्ये लावायची आणि तिच्यावरचा एसी दाब मोजायचा. ०.७५ व्होल्टच्या आत आला, म्हणजे गळती अर्ध्या मिलीअँपिअरच्या आत. पिन दोन्ही बाजूंनी आणि खटका चालू-बंद, सर्व स्थितींत मोजावे. ऑसिलोस्कोप असेल तर त्याची ग्राउंडची चिमटी आयसोलेशनशिवाय अशा संचाला लावू नका. ती चिमटी भिंतीतील अर्थला जोडलेली असते आणि धूर आधी त्याच वायरीतून निघतो.

सहावी तार

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. ट्रान्सफॉर्मर १०० व्हीएचा बनवून घेतला. तो घरी आणल्यावर पहिल्यांदा मोजला: प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यात मीटर काहीच दाखवत नाही. जुन्या खोक्यात हेच मोजले होते तेव्हा चार ओहम आले होते.

काकांच्या पद्धतीने आधीची अवस्थाही एकदा मोजून ठेवावी असे वाटले. ओळखीच्या मेकॅनिकच्या दुकानात, त्यांच्याच हाताने, गिटार न लावता ते केले. खटका बंद असताना १५०० ओहमवर ९ व्होल्ट आले, म्हणजे सहा मिलीअँपिअर. खोक्याची पिन उलटी करून खटका चालू केला तेव्हा आकडा १८ च्या पुढे गेला आणि त्यांनी हात मागे घेऊन मीच कसा वाचलो याबद्दल दोन शब्द ऐकवले. नव्या जोडणीनंतर, चासीची अर्थ जोडण्यापूर्वी, तोच आकडा ०.०६ व्होल्ट आला. मग अर्थ जोडली.

गुणगुण थोडी वाढली आहे. अमेरिकेतील ६० हर्ट्झसाठी निवडलेले फिल्टर ५० वर कमी पडत असावेत, शिवाय तेही साठ वर्षांचेच. ते बदलेपर्यंत आवाज कमीच ठेवतो.

जुना मेकॅनिक

फिल्टर बदलताना पहिल्या कपॅसिटरची किंमत फार वाढवू नका. सुरुवातीच्या झटक्यात ३५डब्ल्यू४ चा कॅथोड मार खातो. मूळ ४० मायक्रोफॅरड असेल तर ४७ बसवा. दुसरा हवा तर मोठा चालेल. आणि ते स्टेपडाऊन खोके कुठे आहे?

सहावी तार

आईने मिक्सरला लावायला मागितले होते. तो २३० चाच आहे हे पटवून खोके माळ्यावर ठेवले आहे, त्याची पिन कापून.